अडवलं हे खरं, लिहिलं ते?

फायरवॉलच्या कोडात कुणी अडवण्याचा नियम बदलला, की तपासणारे त्याला उभा-आडवा घेतात. कुठलं पॅकेट सुटेल, कुठलं अडकेल, जुन्या यंत्रांचं काय होईल, चाचणी कुठे घेतली? घाम काढतात. तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कोडातलं फक्त नोंदीचं वाक्य बदलून आणतो, तेव्हा हेच तपासणारे एकाएकी शाळामास्तर होतात. स्वल्पविराम इथे नको. पहिलं अक्षर लहान हवं. दोन स्पेस पडल्यात, एक काढा. मग अंगठा वर, पॅच आत. वाक्य खरं बोलतंय का, एवढं विचारायचं मात्र राहून जातं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फायरवॉल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची चौकशी करणारा, त्याला सोडणारा किंवा अडवणारा कोड. लिनक्समध्ये या खात्याचं नाव नेटफिल्टर. रस्टी रसेलनं सुरू केलेलं हे काम 2001 च्या जानेवारीत 2.4 कर्नलबरोबर जगभर गेलं. त्याच वर्षी ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांचं त्यांच्या आधीच्या फायरवॉलच्या लेखकाशी परवान्यावरून वाजलं. त्यांनी ती उचलून बाहेर ठेवली, डॅनियल हार्टमायर या गड्यानं पीएफ नावाची नवी लिहून काढली, आणि डिसेंबरात ती लोकांच्या हातात होती. आज घरातल्या वायफाय राउटरपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत यांचीच भावकी पसरलेली आहे.

ही फायरवॉल सेकंदाला हजारो निकाल देते आणि त्यातला एकही कुणाला दिसत नाही. दिसते ती तिनं लिहिलेली ओळ. रात्री दोनला फोन करून उठवलेला ॲडमिन डोळे चोळत कोड वाचायला बसत नाही. तो ओळ वाचतो आणि तिच्या भरवशावर कुणाचं तरी कनेक्शन तोडतो, कुणाला तरी दोष देतो, नाहीतर कूस बदलून झोपतो. अख्ख्या कोडातली हीच ओळ माणसाच्या नजरेला पडते, आणि तपासायच्या वेळी तिच्याचकडे काणाडोळा होतो.

नियम नाहीत असं नाही. लिनक्स कर्नलची लेखनशैलीची नियमावली आहे आणि तीत संदेशांसाठी वेगळी कलमं आहेत. स्पेलिंग सांभाळा, लोकांना आपण शिकलेले वाटलो पाहिजे. थोडक्यात लिहा, एकच अर्थ निघेल असं लिहा. शेवटी पूर्णविराम दिलाच पाहिजे असं नाही. आकडे उगाच कंसात टाकू नका. सगळं रास्त. एक कलम तर मला फार आवडतं: लांब ओळी तोडा, पण नोंदीचं वाक्य मधूनच तोडू नका, कारण कुणीतरी ते जसंच्या तसं शोधत येणार आहे. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर वाचक होता. पण शुद्धलेखनाची कलमं तपासायला सोपी, म्हणून तीच तपासली जातात. वाक्याचा खरेपणा तपासायचा तर त्याच्या वरच्या वीस-पंचवीस ओळी वाचाव्या लागतात. तेवढी फुरसत कुणाला आहे?

पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं 1957 सालीच ही खोड पकडली होती. त्याच्या काल्पनिक समितीत अणुभट्टीचा ठराव अडीच मिनिटांत मंजूर होतो आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास खल चालतो, कारण छप्पर सगळ्यांना कळतं. फ्रीबीएसडीच्या पॉल-हेनिंग काम्पनं 1999 मध्ये प्रोग्रामरांना या छपराची आठवण करून दिली, तेव्हापासून त्यांच्यात 'सायकलींचं छप्पर' शिवी म्हणून चालतं. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. नोंदीच्या वाक्यावर खल होतो हे वाईट नाही, होऊ द्या. पण छपराच्या रंगावर पाऊण तास बोलून झाल्यावर खाली सायकली आहेत का, हे एकानं तरी वाकून बघावं.

एक ओळ नमुन्याला घ्या. लिनक्सची फायरवॉल चालू असलेली कनेक्शनं एका तक्त्यात लिहून ठेवते. तक्ता भरला की नव्याला जागा नाही. पॅकेट जातं वाऱ्यावर आणि लॉगमध्ये ओळ येते: आयपी-कॉनट्रॅक, टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट. पुढे कोडाची पुनर्रचना झाली, 'आयपी'चं 'एनएफ' झालं, आणि जुन्या नावावर डोळा ठेवून बसलेल्या स्क्रिप्टा मुक्या झाल्या. तक्ता पूर्वीसारखाच भरत होता, फक्त ओरडणाऱ्यानं नाव बदललं होतं. नंतर तर प्रत्येक ओळीपुढे मॉड्यूलचं नाव आपोआप लावायची सोय झाली आणि या ओळीत ते आधीच हातानं लिहिलेलं होतं. मग ओळ तोतरी झाली: एनएफ-कॉनट्रॅक, एनएफ-कॉनट्रॅक, टेबल फुल. आजही कित्येक सर्व्हरांवर ती अशीच बोलते.

आम्हा सिंदीकरांना त्यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या गावाचं नावच सिंदी (रेल्वे). म्हणजे आमचं ठिकाण रीतसर सांगायचं तर सिंदी रेल्वे रेल्वे स्टेशन. आणि तो कंस शोभेचा नाही बरं का. तिकडे वर्ध्याला खेटून सिंदी (मेघे) बसलेली आहे. कंस गाळला की आमचं पार्सल तिकडचं पाणी पिऊन येतं. फायरवॉलच्या नोंदीतही हाच कंस असतो, त्याला प्रिफिक्स म्हणतात. कुठल्या नियमानं अडवलं हे सांगणं त्याचं काम. नेटफिल्टरला नियम सांगायचं हत्यार आहे आयपीटेबल्स, त्यात या प्रिफिक्सला 29 अक्षरांची मुभा आहे. लोक त्यात 'ड्रॉप' एवढंच लिहितात आणि पुढची मोकळी जागा विसरतात. मग पुढचा 'इन' त्याला चिकटतो आणि लॉगभर 'ड्रॉपइन, ड्रॉपइन' होतं. तपासणारा ती जागा बरोबर पकडतो, शाबासकी मिळवतो. पण सतरा नियमांनी मिळून एकच 'ड्रॉप' लिहिलाय, मग हे पॅकेट कुठल्या सिंदीला अडलं, हे कोण विचारणार?

नुसतं नाव बदलण्याचंही आम्हाला अप्रूप नाही. आमच्या शिवारात जेएनपीटी, म्हणजे जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट, ड्राय पोर्ट बांधणार, असं आम्ही वर्षानुवर्षं वाचत आलो. मधल्या काळात ड्राय पोर्टचं मल्टी मोडल लॉजिस्टिक पार्क झालं. 2021 च्या बंदर कायद्यानं पोर्ट ट्रस्टचीही पोर्ट ॲथॉरिटी झाली. म्हणजे काय बांधायचं त्याचंही नाव बदललं आणि कुणी बांधायचं त्याचंही. जुन्या नावानं बातमी शोधणारा सिंदीकर त्या मुक्या स्क्रिप्टांच्या रांगेत जाऊन बसला.

पातळ्यांचं प्रकरण थोडक्यात उरकतो. एरिक ऑलमननं बर्कलीत सेंडमेलच्या निमित्तानं सिसलॉग काढला, त्यात नोंदीच्या आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे आग लागली, सात म्हणजे गप्पा. प्रत्येक प्रोग्रामरला आपली ओळ तिसऱ्या पायरीच्या वरच हवी असते. सरकारी टपालावर 'अति तात्काळ'चा शिक्का बघत वाढलेल्यांना यावर अधिक सांगायला नको.

आता चांगलं वाक्य कसं असतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता खवचटपणा. सर्व्हरवर जोडणीच्या अर्ध्यामुर्ध्या विनंत्यांचा पूर आला की लिनक्स लिहितं: अमुक पोर्टवर सिनचा पूर असावा, कुकीज पाठवतोय. पुढे त्यात भर पडली: मोजमापाचे आकडे बघा. या एका ओळीत तीन प्रामाणिक गोष्टी आहेत. पहिली, 'असावा'. कारण तो हल्ला असेलच असं नाही. दुकान चाललंय आणि रांगेची जागा अपुरी पडलीय, एवढंही असू शकतं आणि पुष्कळदा तेवढंच असतं. दुसरी, मी काय करतोय. कुकीजची सोय बंद असेल तर ओळ बदलते आणि विनंती टाकून देतोय असं कबूल करते. तिसरी, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तिथे जाऊन बघा. स्वतःच्या शंकेची नोंद करणारं खातं मी सरकारात अजून पाहिलेलं नाही.

याच घराण्यातली दुसरी ओळ: बेचाळीस कॉलबॅक्स दाबले. एकाच प्रकारच्या नोंदी धबाधबा येऊ लागल्या, की कर्नल पाच सेकंदांत दहाच लिहितो आणि बाकीच्या गिळतो. पण किती गिळल्या ते सांगतो. तक्रारपेटीनं असा हिशेब दिल्याचं ऐकलंय कुणी?

'असावा' गाळला की काय होतं, ते महाराष्ट्रानं बघितलं आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. साडेचार महिन्यांनी रेकॉर्डेड फ्युचर नावाच्या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला: चीनशी संबंधित टोळी भारताच्या वीजयंत्रणेत चाचपणी करतेय. मुंबईच्या अंधाराशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही, हे त्या कंपनीनं स्वतःच म्हटलं होतं. 1 मार्च 2021 ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख, म्हणजे आमच्या बाजूच्या काटोलचे, सायबर विभागाचा अहवाल घेऊन पुढे आले. वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये चौदा ट्रोजन हॉर्स सोडले गेले असावेत, परदेशी सर्व्हरवरून 8 जीबी बेहिशेबी डेटा आला असावा, आणि काळ्या यादीतल्या आयपी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न झाले असावेत. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, हल्ला नाही, माणसाची चूक. एकाच अंधाराचे दोन निकाल, दोन्ही सरकारी.

मला यात राजकारणाशी कर्तव्य नाही, त्या तिसऱ्या वाक्याशी आहे. काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न. हे फायरवॉलच्या नोंदीचं वाक्य आहे आणि इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही यंत्राच्या लॉगमध्ये ते सापडेल, कारण दिवसभर कुणी ना कुणी त्याची कडी हलवून बघतच असतं. प्रयत्न झाला, बरं. मग? अडवला की आत गेला? अडवला असेल तर ती फायरवॉलच्या कामाची पावती आहे. आत गेला असेल तर चौदा ट्रोजनांपेक्षा ती बातमी मोठी. कुठल्या नियमानं अडवला? घड्याळ कुणाचं? दहाला वीज गेली तेव्हा या ओळीवरची वेळ काय होती? मंत्र्यांनी तरी 'असावं' म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत बातम्यांमधून ते गळलं आणि चीननं मुंबईत अंधार केला हे गावोगाव पक्कं झालं. आमच्या पानठेल्यावर तर ट्रोजन घोडे मोजून झाले होते, चौदाचे पंधरा भरले. नोंदीचं वाक्य ढिलं असेल, तर त्यात ज्याला जे हवं ते बसवता येतं. आणि असं वाक्य कुणी ना कुणी, कुठल्या तरी दुपारी, शुद्धलेखन तपासून मंजूर केलेलं असतं.

रेल्वेच्या गावात राहतो म्हणून एक उदाहरण घरचं देतो. हावडा-मुंबई मार्गावर आमच्या फलाटासमोरून गाड्या सुसाट जातात, त्या सिग्नलच्या भरवशावर. अशा मोठ्या मार्गांवर स्टेशनांच्या रिले रूममध्ये डेटा लॉगर नावाची पेटी असते. कुठला रिले कधी पडला, कुठला पॉइंट कधी फिरला, ती मुकाट्यानं लिहीत असते. 2 जून 2023 ला ओडिशात बाहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेस मेन लाइनचा सिग्नल असताना लूप लाइनवर गेली, उभ्या मालगाडीवर आदळली, 290 हून जास्त माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जे पुढे आलं त्यात एक गोष्ट अशी होती, की फाटकाजवळच्या पेटीतल्या तारांवर चुकीची लेबलं लागलेली होती आणि कित्येक वर्षं ती तशीच राहिली. लेबल नीट वाचता येत होतं की नाही, अक्षर कसं होतं, हा तिथे प्रश्नच नव्हता. ते सांगत होतं एक आणि तार जात होती दुसरीकडे. येणारा प्रत्येक कामगार लेबलावर विश्वास ठेवून काम करत होता, आणि त्यात त्याची चूक काय? लेबल विश्वास ठेवायलाच लावतात.

फायरवॉलच्या ओळीचं आणखी एक दुखणं आहे. ती माणूस तरी क्वचित वाचतो. यंत्र रोज वाचतं. फेलटूबॅन नावाचं एक राखणदार सॉफ्टवेअर हजारो सर्व्हरांवर आहे. ते लॉगची ओळ न् ओळ वाचतं, चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा देणारा पत्ता हेरतं आणि फायरवॉलला सांगून त्याला बाहेर काढतं. 1 जुलै 2024 ला ओपनएसएसएचची, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरची, 9.8 आवृत्ती आली. आतली रचना बदलल्यामुळे काही नोंदींवरचं नाव 'एसएसएचडी'चं 'एसएसएचडी-सेशन' झालं. त्यांनी आवृत्तीच्या टिपेत ते स्वच्छ लिहिलंही. टिपा कोण वाचतं? ज्यांनी नवी आवृत्ती टाकली आणि राखणदाराची गाळणी जुनीच ठेवली, त्यांचा राखणदार जुन्या नावाची वाट बघत राहिला. चोर समोरून ये-जा करत होते, त्यांच्या पाटीवर नवं नाव होतं.

आणि हे राखणदार भोळे असतात हे चोरांना फार आधी कळलं. 2007 मध्येच डॅनियल सिड यानं दाखवून दिलं, की लॉगिन करताना नावाच्या जागी शिताफीनं मजकूर घातला तर तो नोंदीत जातो, राखणदार तो खरा मानतो आणि भलत्याच पत्त्याला बंदी घालतो. म्हणजे पाहुण्यानं हजेरीच्या वहीत स्वतःच लिहायचं, शेजाऱ्यानं चोरी केली. डिसेंबर 2021 मध्ये तर लॉगफोरजे या जावाच्या नोंद लिहिणाऱ्या लायब्ररीनं कळस केला. तिला नोंदायला दिलेल्या मजकुरात विशिष्ट खुणेचा पत्ता असला, की ती नोंद करायची सोडून त्या पत्त्यावर जायची आणि तिथला कोड आणून चालवायची. अर्धं जग त्या नाताळात सुट्टी सोडून पॅच लावत बसलं होतं. नोंद जास्त बोलली तरीही घात होतो: कर्नल आपल्या मेमरीचे पत्ते लॉगमध्ये सरसकट छापायचा, ते चोराच्या कामाचे, म्हणून 2018 च्या जानेवारीत आलेल्या 4.15 पासून ते झाकून छापायला लागले. इतकं होऊनही 'संदेशच तर बदललाय' म्हणणारे आहेत. त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आपल्या सरकारनंही मनावर घेतलं आहे, नाही असं नाही. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं फर्मान काढलं: सगळे लॉग चालू ठेवा, 180 दिवस भारतातच जपून ठेवा, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवा, हल्ला कळल्यापासून सहा तासांत आम्हाला कळवा. घड्याळाचं कलम मला मनापासून पटलं. पण जपून ठेवण्याच्या कलमातून आपल्याकडे काय होतं ते ठाऊक आहे. तलाठी कार्यालयातली बासनं आपण पाहिलेली आहेत. 180 दिवस 'ड्रॉपइन, ड्रॉपइन' साठवून ठेवायचं, 181 व्या दिवशी पुसायचं, तपासणीच्या रकान्यात बरोबरची खूण. ती ओळ काय सांगते, हे त्या सहा महिन्यांत एकदाही कुणी विचारलं नाही तरी फर्मानाचं पालन झालंच.

खरं तर चांगला नकार कसा लिहावा, हे आपल्या कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. महाराष्ट्रानं 2002 मध्ये माहिती अधिकाराचा आपला कायदा केला, 2005 मध्ये देशाचा आला. त्याच्या सातव्या कलमात नकाराचा नमुनाच आहे: कारण सांगा, अपील किती दिवसांत करायचं ते सांगा, कुणाकडे करायचं ते सांगा. आणि तीस दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर ते मौनही नकारच मानायचं. फायरवॉलवाले याला रिजेक्ट आणि ड्रॉप म्हणतात. रिजेक्टमध्ये अडवलेल्याला तसं कळवायचं, ड्रॉपमध्ये गप्प बसायचं आणि त्यानं वाट बघून बघून स्वतःच समजून घ्यायचं. आयपीटेबल्सच्या रिजेक्टला वेगळं काही सांगितलं नाही, तर ते पाठवतं: इथल्या पोर्टपर्यंत पोचता येत नाही. पोर्ट तिथेच असतं, सेवा चालू असते, वरून मनाई आहे एवढंच. 'प्रशासनानं मनाई केली आहे' असं खरं सांगणारा पर्यायही त्याच यादीत आहे, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. माहिती अधिकाराच्या अर्जावर 'सदर माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर ज्यांना आलंय, त्यांना हा पर्याय वेगळा समजावायला नको. लपवाछपवीला फायरवॉलकडे निदान कारण आहे, चोराला घराचा नकाशा द्यायचा नसतो. स्वतःच्या मालकासाठीच्या नोंदीत तरी तिनं खरं लिहावं, एवढीच माझी मागणी.

आमच्या गल्लीतला एक पोट्टा पुण्याच्या नोकरीचं काम इथे घरून करतो आणि उरल्या वेळात एका लहानशा फायरवॉलचे पॅच तपासतो. पैसे मिळत नाहीत. त्याच्या आईच्या मते यापेक्षा तान्ह्या पोळ्याच्या नंदीला रंग दिला असता तर चार लोकांनी पाहिला तरी असता. परवा त्यानं मला बोलावून स्क्रीन दाखवली.

"काका, पाहा ना. आधी होतं 'पॅकेट ड्रॉप केलं'. आता ह्यानं केलं 'दुर्भावनायुक्त पॅकेट सुरक्षितपणे अडवलं'. पायरी पण वाढवली, सातवरून तीनवर."

"चांगलंच तर आहे बे. वजन आलं वाक्याला."

"कायचं वजन जी? वरची ओळ वाचा. मेमरी मागितली, भेटली नाही, म्हणून पॅकेट टाकून देलं. अडवलं कोणी? पॅकेट कोणाचं होतं, चांगलं का वाईट, हे पाहाची पाळीच नाही आली. हे आपलं घरचं दिवाळं आहे अन् लिहिलं काय, तर चोर पकडला."

मी वरची ओळ वाचली. खरंच तसं होतं. सर्व्हरची मेमरी संपत आलीय, भल्या लोकांची पॅकेटं गळताहेत, आणि लॉगमध्ये तासाला शेकडो चोर पकडल्याच्या विजयवार्ता. मालक खूश होणार, नवी फायरवॉल विकत घेणार, मेमरी आहे तेवढीच राहणार.

"बाकीच्यांनी काय म्हटलं?"

बाकी तिघांनी आधीच मतं दिली होती. एकाला 'दुर्भावनायुक्त'च्या इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्त दिसलं. दुसऱ्यानं 'सुरक्षितपणे' आधी घ्यावं की नंतर, यावर परिच्छेद लिहिला होता. तिसऱ्यानं शेवटचा पूर्णविराम काढा म्हणून नियमावलीचं कलम दाखवलं होतं.

पोट्ट्यानं खाली लिहिलं: वाक्य खोटं आहे. या फाट्यावर पॅकेट तपासलंच जात नाही, मेमरी न मिळाल्यामुळे ते टाकलं जातं. तसं लिहा, किती मागितली आणि कुणासाठी ते लिहा, 'दुर्भावनायुक्त' काढा, पायरी चारवर आणा, आणि ओळींवर मर्यादा घाला, नाहीतर मेमरी संपल्याची बातमी लिहिण्यातच डिस्क संपेल.

दुसऱ्या दिवशी पॅच घेतला गेला. पॅचकर्त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: पूर्णविराम काढला आहे, सगळ्यांचे आभार.